रक्ती हगवण: औषध पाण्यात, उपाय जमिनीवर

पावसाची झड आठवडाभर लांबली की परसातल्या खुराड्यातली पिल्लं एकेक करून कमी होऊ लागतात. काल दाणे टिपणारं पिल्लू आज पिसं फुलवून, पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात पेंगत असतं. ‘मर आली’ म्हणत कुणीतरी दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणतं. ती फोडण्याआधी खाली वाकून शीट बघावी. कोंबडीच्या पोटात काय चाललंय हे शिटेइतकं दुसरं काहीच सांगत नाही.

निरोगी कोंबडीची शीट करडी-तपकिरी आणि घट्ट असते, वर थोडा पांढरा थर. हा थर युरिक आम्लाचा; पक्षी वेगळी लघवी करत नाहीत. दिवसातून एक-दोनदा मात्र ती चॉकलेटी, चिकट आणि उग्र वासाची शीट टाकते. नवशिके हिलाच हगवण समजून घाबरतात. लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे कोंबडीला दोन बंद नळ्या असतात, त्यांना अंधनाल म्हणतात. तिथं अन्न आंबतं आणि अधूनमधून या नळ्या रिकाम्या होतात, एवढंच.

काळजीचे रंग वेगळे. अगदी लहान पिल्लांच्या गुदद्वाराला पांढरी शीट सुकून चिकटली असेल तर साल्मोनेला जिवाणूचा संशय घ्यावा. तो आईकडून अंड्यातून उतरतो, म्हणून अशा कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नयेत. हिरवट पातळ हगवण, धाप आणि मुरगळलेली मान दिसली तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. हा विषाणू, त्यावर औषध नाही, लसच वेळेवर द्यावी लागते. मोठी कोंबडी खाऊनपिऊन वाळत असेल, तुरा फिका पडला असेल, तर बहुधा जंत.

आणि शिटेत रक्त दिसलं, तेही साधारण तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत, तर पहिला संशय रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. हा रोग जिवाणूचाही नाही आणि विषाणूचाही नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी तो घडवतो. कोंबड्यांमध्ये त्याच्या सात जाती मानल्या जातात आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा ठरलेली असते. सर्वांत कुप्रसिद्ध आयमेरिया टेनेला अंधनालांत ठाण मांडते. कोंबडीची आयमेरिया शेळीला किंवा माणसाला होत नाही, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट.

आजारी पिल्लाच्या शिटेतून बाहेर पडतात त्या परजीवीच्या कवचबंद पेशी, ऊसिस्ट. त्या लगेच रोग पसरवत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत त्या आत पिकतात आणि मगच घातक होतात. पावसाळ्यातल्या ओल्या तुसात नेमकं हेच तिन्ही मिळतं. दाण्याबरोबर पिकलेली ऊसिस्ट पोटात गेली की परजीवी आतड्याच्या पेशींत शिरून वाढतो, पेशी फोडून बाहेर येतो, शेजारच्या पेशींत शिरतो. टेनेलाच्या संसर्गात चौथ्या-पाचव्या दिवशी अंधनालाची भिंत फाटते आणि रक्त वाहू लागतं. म्हणजे पहिल्या पिल्लाच्या शिटेत रक्त दिसेपर्यंत त्याच जमिनीवर टिपणाऱ्या बाकीच्यांच्या पोटातही परजीवी चार दिवस मुरलेला असू शकतो. आजारी पिल्लू वेगळं ठेवावंच, पण औषध मात्र सगळ्यांना द्यावं.

औषध कोणतं? नेहमीचं अँप्रोलियम, आणि तेही पाण्यातून, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं. पशुवैद्यक सहसा २० टक्के पावडर लिटरला १.२ ग्रॅम या प्रमाणात तीन ते पाच दिवस देतात, पुढे आठवडा-दोन आठवडे कमी मात्रेत. त्या काळात पिण्याचं दुसरं पाणी ठेवू नये आणि हे पाणी रोज ताजं करावं. अँप्रोलियमची रचना ब-१ जीवनसत्त्वासारखी आहे. परजीवी फसतो आणि खऱ्या ब-१ अभावी उपाशी मरतो. त्यामुळे ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक मिसळलं की औषधावर पाणी पडलं. ते औषधाचे दिवस संपल्यावर द्यावं. सल्फा गटाची औषधंही चालतात, पण मात्रा चढली तर त्यांनीच रक्तस्राव होतो, आणि अंड्यांवरच्या कोंबड्यांना ती देऊच नयेत.

फिनेलवर भरवसा ठेवू नका. ऊसिस्टचं कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. ती मरते उकळत्या पाण्याने, आगीच्या झोताने आणि कडक कोरडेपणाने. म्हणून माझ्या मते या रोगावरचा खरा खर्च औषधाचा नव्हे, छपराच्या पत्र्याचा आणि कोरड्या तुसाचा असावा. पाण्याचं भांडं विटेवर चढवा, त्याच्याभोवतीचा भिजलेला तूस रोज काढा, दाणे जमिनीवर फेकायचे सोडून भांड्यात द्या. उरलेला तूस दिवसाआड खालीवर करा. कंटाळवाणं काम आहे, पण पिकायला ओल नसेल तर ऊसिस्ट निरुपद्रवीच राहते.

परजीवी समूळ नाहीसा करायच्या मागे लागू नये. थोडी-थोडी ऊसिस्ट पोटात जाऊन पिल्लांच्या अंगी प्रतिकारशक्ती येते. काही लसींचं तत्त्वही हेच. खुडूक कोंबडीमागे मोकळ्या अंगणात हिंडणारी गावठी पिल्लं बऱ्याचदा अशीच तरून जातात. फटका बसतो तो हॅचरीतून आलेल्या, स्वच्छ ब्रूडरमध्ये वाढलेल्या वनराजा, गिरिराजासारख्या पिल्लांना. ती एकदम ओल्या, दाटीच्या खुराड्यात सोडली जातात आणि पहिलाच घास भारी पडतो. त्यांना पावसाळ्यात आणायचंच असेल तर आधी जागा कोरडी करा. आयमेरियाच्या एका जातीविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसरीला चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

एखादं पिल्लू मेलंच तर उकिरड्यावर फेकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. अंधनालं रक्ताने तटतटलेली असतील तर पोट उघडताच कळतं, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली ऊसिस्ट दिसते. मात्र मोठ्या कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर त्यांना हात लावू नका. तो बर्ड फ्लूही असू शकतो. २००६ मध्ये देशातली त्याची पहिली साथ आपल्याच नवापुरात निघाली होती. अशा वेळी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.