चढ, सपाटी आणि कल : वर्तनाच्या आलेखांचा मागोवा

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर हार्वर्डमध्ये उंदरांवर प्रयोग करत होते. दाणे सोडणारी लाकडी चकती त्यांनी अडगळीतल्या सामानातून उचलली होती. तिच्या मधला दांडा कापायचा राहून गेला होता. त्याला दोरा गुंडाळून चकती फिरेल तसा तो सुटू दिला, आणि कागदावर सुट्या खुणांच्या जागी सलग वक्ररेषा उमटली. यातूनच पुढे संचयी आलेखाचे यंत्र आले. कागद एकाच गतीने सरकतो आणि प्रत्येक प्रतिसादाला लेखणी एक पायरी वर चढते. प्राणी भराभर कळ दाबू लागला की रेघ उभी होते, थांबला की सपाट. वेग डोळ्यांनाच दिसतो.

फर्स्टर आणि स्किनर यांच्या 1957 च्या ‘शेड्यूल्स ऑफ रीइन्फोर्समेंट’ या ग्रंथात असे 900 हून अधिक आलेख आहेत. ठरावीक काळाने दाणा मिळणाऱ्या कबुतराची रेघ दाण्यानंतर सपाट राहते आणि वेळ जवळ येईल तशी वर वळते. अनेक कबुतरांची सरासरी काढली असती, तर एकेका कबुतराचे स्वतःचे वळण त्यात हरवले असते. एकेका जिवाची रेघ जपणे हे मला वर्तनाच्या या अभ्यासपरंपरेचे सर्वांत मोठे देणे वाटते.

ती जपणूक माणसाच्या पोरांपर्यंत पोहोचली, तेव्हा तिचे मोल खरे कळले. 1964 मध्ये आयलीन ॲलन आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या चार वर्षांच्या एका मुलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती सुमारे 40 टक्के वेळ मोठ्यांच्या अवतीभवती असे, मुलांबरोबर जेमतेम 10 टक्के. ती मुलांत मिसळेल तेव्हाच बाईंनी तिच्याकडे लक्ष द्यायचे ठरले, आणि मुलांबरोबरच्या वेळेची रेघ वर गेली. मग मुद्दाम जुनी पद्धत आणली; रेघ खाली आली. पुन्हा नवी पद्धत, पुन्हा चढ. बदल कशामुळे झाला, हे त्या एका आलेखावर कोणीही पाहू शकत होते, आणि तेही मूल समोर असताना, काही करता येण्याजोगे असताना.

ऑग्डन लिंडस्ली यांनी तर आलेख मुलांच्याच हाती दिला. त्यांच्या तक्त्यावर उभा अक्ष पटीत वाढतो: मिनिटाला 5 शब्दांवरून 10 आणि 20 वरून 40 या दोन्ही प्रगती सारख्याच उंचीच्या दिसतात. हळू वाचणाऱ्या मुलासाठी हा मोठा न्याय होता.

संशोधनाच्या पानांवर मात्र संचयी रेघ मागे पडत गेली. 1976 मध्ये स्किनरनी खंत व्यक्त करत तिला निरोप दिला. उपायाआधीचा आणि नंतरचा असे टप्पे वेगळे करणाऱ्या उभ्या रेघांमध्ये बिंदू जोडलेले साधे आलेख रूढ झाले. ते वाचायचे तर पातळी, कल आणि चढउतार पाहायचे, दोन टप्प्यांतले बिंदू एकमेकांत किती मिसळतात तेही. पण जाणत्यांची नजर तरी एक असते का? 1979 मध्ये डिप्रॉस्पेरो आणि कोहेन यांनी नियतकालिकांच्या परीक्षकांना आलेख दाखवून गुण द्यायला सांगितले. त्यांच्या निर्णयांतला सरासरी सहसंबंध 0.61 एवढाच भरला. मुलाची पुढची शिकवणी ज्यावर ठरते, त्यासाठी हे फार कमी आहे.

2003 मध्ये फिशर, केली आणि लोमास यांनी नजरेला आधार दिला. पायाभूत, म्हणजे उपायाआधीच्या, टप्प्याच्या सरासरीची आणि कलाची अशा दोन रेघा पुढे ओढायच्या, आणि उपायानंतरचे किती बिंदू दोन्हींच्या पलीकडे पडतात ते मोजायचे. थोड्याशा प्रशिक्षणानेही वाचणाऱ्यांचे निर्णय अचूक होऊ लागले. हे काम फूटपट्टी आणि पेन्सिलीवरही होते, म्हणून वर्गातल्या शिक्षकाला ते जमण्यासारखे आहे.