ओढण्याचा आकडा आणि पाठीवरचं ओझं

बैलगाडी भरणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं. पुढे जास्त झाला तर सगळा भार मानेवर. म्हणून कडबा रचताना तो मधूनच जू हाताने उचलून बघतो. अमेरिकेत पिकअपमागे तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, लावून निघणाऱ्याला हे ठाऊक नसतं, कारण शोरूममध्ये त्याला एकच आकडा ऐकवलेला असतो: गाडी किती ओढते.

२०२१ साली तिथल्या कारखान्यांतून अशा राहत्या गाड्या, म्हणजे आर.व्ही., सहा लाख बाहेर पडल्या, त्यांतल्या बहुतेक मागे जोडून ओढायच्या. भारतातून आलेल्या आईवडिलांना यलोस्टोन दाखवायला निघालेली मराठी घरंही या वाटेवर असतात. गाडी बहुधा ‘हाफ-टन’ पिकअप असते, म्हणजे फोर्ड एफ-१५०, सिल्व्हराडो १५०० किंवा राम १५०० या वर्गातली. अर्धा टन हे नुसतं जुनं नाव आहे, त्यावरून आजच्या गाडीच्या ताकदीचा अंदाज बांधू नये.

गैरसमज: जाहिरातीत ११,००० पौंड लिहिलंय, मग ८,००० पौंडांचा ट्रेलर आरामात जाईल.

जाहिरात खोटी नसते. ओढण्याचा आकडा ठरवायला एसएई जे-२८०७ नावाचं मानक आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा साधारण ११ मैलांचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढावा लागतो. पण या मानकात गाडीत माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. मागची सीट रिकामी असते. आजी नाही, सायकली नाहीत, बर्फाची पेटी नाही.

इंजिन ओढतं, ओझं मात्र गाडीची पाठ वाहते. पाठ किती वाहील, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं: माणसं आणि सामान मिळून एवढ्या पौंडांपेक्षा जास्त नको. हे पेलोड. ट्रेलर चाकांवर चालत असला तरी त्याची पुढची दांडी गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, टेकते, आणि तो भार याच पेलोडमधून वजा होतो. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो.

एक हिशोब मांडू. स्टिकरवर १,४५० पौंड. चार माणसं मिळून ६२०. हिचचं लोखंड १००. उरले ७३०. ट्रेलर भरल्यावर ८,००० पौंडांचा, दांडीवर १३ टक्के भार धरला तर १,०४०. म्हणजे ३१० पौंड जास्त, आणि अजून सामानाची एक पिशवीही गाडीत टाकलेली नाही. दांडीवर कमीत कमी १० टक्के धरले तरी ७० पौंडांनी हिशोब चुकतोच. या कुटुंबाला या गाडीमागे साधारण ५,६०० पौंडांपर्यंतचा भरलेला ट्रेलर झेपेल. जाहिरातीतल्या आकड्याच्या जेमतेम निम्मा.

यातली गंमत अशी, की सनरूफ, चामड्याच्या सीटा, फोर-व्हील ड्राइव्ह असं एकेक चढवत नेलं की गाडी स्वतःच जड होते आणि पेलोड घटतं. जास्त पैसे मोजावेत आणि कमी ओझं न्यावं!

गैरसमज: ट्रेलरचं वजन म्हणजे माहितीपत्रकात छापलेलं वजन.

ते कोरडं वजन. पाणी, गॅस, भांडीकुंडी, अंथरुणं सोडून. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. हिशोब कोरड्या वजनाचा करूच नये. ट्रेलरच्या प्लेटवर त्याचं जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन असतं, ते धरावं.

गैरसमज: जादा स्प्रिंग, सस्पेन्शनमध्ये बसवायची एअरबॅग नाहीतर वेट-डिस्ट्रिब्युशन हिच लावली की गाडी जास्त वजन घेते.

एअरबॅगने मागून खाली बसलेली गाडी सरळ दिसू लागते, इतकंच. स्टिकर बदलत नाही. वेट-डिस्ट्रिब्युशन हिच खरंच उपयोगी आहे. मागच्या चाकांवरचा भार ती थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे सरकवते. त्यामुळे स्टिअरिंग हलकं पडत नाही. अनेक गाड्यांच्या हिचवर तिच्याशिवायची आणि तिच्यासहची मर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते, ती वाचावी. पण गाडीची मूळ मर्यादा तिनेही वाढत नाही.

गैरसमज: दांडीवरचा भार जितका कमी, तितकं बरं.

पेलोड पुरत नाही असं दिसलं की हा शहाणपणा सुचतो: जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवू, म्हणजे हिचवरचा भार उतरेल. उतरतो खरा. गाडी उलाळ होते. बैलगाडीच्या वेगाला ते खपून जातं, ताशी ६५ मैलांना नाही. शेजारून मोठा ट्रक गेला किंवा आडवा वारा आला की ट्रेलरचं शेपूट हलतं. वजन मागे असल्याने ते लंबकासारखं हेलकावे घेऊ लागतं आणि प्रत्येक हेलकावा पिकअपचा मागचा भाग ढकलतो. वेग जास्त असेल तर हेलकावे शमायच्या ऐवजी वाढतात. ट्रेलर जोडलेल्या गाड्यांना कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांचीच मर्यादा आहे, आणि मला ती जाचक वाटत नाही.

अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ करावा, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. पिकअपचा ब्रेकही करकचून दाबू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावावेत. तो कंट्रोलर कुठे आहे, हे घरून निघतानाच पाहून ठेवावं.

घाटाचं थोडक्यात. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन धापा टाकतं, पण चढ हा फक्त वेळ खातो. खरी परीक्षा उताराला. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ते तापून निकामी होतात, म्हणून वेग आधीच कमी करून, गिअर खाली घेऊन इंजिनच्या जोरावर उतरायचं.

आणि हे सगळं अंदाजाने ठरवायचं कारण नाही. हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवर वजनकाटे असतात. एकदा ट्रेलरसह आणि एकदा ट्रेलर सोडून वजन करावं. वेट-डिस्ट्रिब्युशन हिचचे भार सरकवणारे बार सैल ठेवले असतील, तर पिकअपच्या दोन्ही ॲक्सलवरच्या भारात दोन वेळी जो फरक येतो, तोच दांडीचा भार. काट्यावर जाताना टाकी भरलेली हवी, सामान जागच्या जागी हवं. आणि ‘मी खाली उतरून उभी राहते’ असं आजी म्हणाल्या, तरी त्यांना गाडीतच बसवून ठेवावं.