इथेनॉल, मामा आणि द्राक्षाचं पान

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. विषय मात्र घरचाच आहे. निफाडजवळ माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. गेल्या जानेवारीत तिथे जुन्या पानांवर, शिरांच्या मधल्या भागात, बारीक तपकिरी ठिपके दिसले. मामांनी दोन फवारण्या केल्या, ठिपके तसेच. मी म्हटलं, "मामा, ओझोनही असेल." ते म्हणाले, "अगं, ओझोन वर आभाळात असतो ना?"

वरचा ओझोन आपला रक्षक, खालचा मात्र वैरी. इंजिनातल्या उष्णतेने हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड्स बनतात. त्यात इंधनाची वाफ आणि ऊन मिसळलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो पर्णरंध्रांतून पानात शिरतो, पेशी मारतो, आणि पान अन्न कमी बनवतं. कॅलिफोर्नियात १९५८ साली द्राक्षाच्या पानांवरच्या अशाच ठिपक्यांचं कारण ओझोन निघालं होतं. गंमत म्हणजे भर गर्दीच्या द्वारका चौकात ओझोन कमी भरतो, कारण गाड्यांचा ताजा धूरच त्याला खातो. वाऱ्याबरोबर हवा गावाकडे गेली की तो वाढतो.

पण आता तर आपण ई-२० पेट्रोल वापरतो, मग? इथेनॉलने कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, हे खरं. पण अर्धवट जळलेल्या इथेनॉलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं, आणि त्यापासून उन्हात पेरॉक्सिअ‍ॅसिटिल नायट्रेट, म्हणजे पॅन. पॅनमुळे पानाची खालची बाजू चंदेरी किंवा काशासारखी दिसू लागते. (पॅनने पान जातं. कोटी माझीच!) लॉस एंजेलिसच्या भाजीपाल्यावर १९४०च्या दशकात हे दिसलं, तेव्हा तिथे गाड्या साध्या पेट्रोलवर चालत होत्या. बायोडिझेलने काजळी घटते, पण नायट्रोजन ऑक्साइड्स बहुधा थोडे वाढतात. सीएनजीतही ते सुटत नाहीत. हायड्रोजन इंजिनात जाळला तरी तेच, कारण नायट्रोजन इंधनातला नसून हवेतला आहे!

त्याला अडवतो तो सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये फटफट आवाजासाठी मूळ सायलेन्सर काढून टाकणाऱ्या वीरांनो, बहुतेक वेळा त्याच्यासोबत कन्व्हर्टरही भंगारात जातो.

मामांचा थोडा ऊसही आहे. "इथेनॉलमुळे उसाला भाव मिळेल म्हणतात, आणि तू म्हणतेस द्राक्षाला त्रास. मी करू काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सुट्टीत उन्हातली आणि सावलीतली पानं शेजारी ठेवून ठिपके मोजायचे, एवढं ठरलंय. मामा म्हणाले, "ये, पण फवारणीचा खर्च तुझ्या मेसच्या पैशातून."