गाडीची चकाकी : काढून मिळते की चढवून?

जुन्नर-आंबेगावच्या शेतरस्त्यांवरून मालवाहू पिकअप आणि मोटारी सतत धावत असतात. रोज सकाळी कोरडे फडके घेऊन गाडीवरची धूळ पुसण्याची पद्धत सर्वत्र दिसते. दोन-तीन वर्षांत रंग निस्तेज होतो. मग गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ होते आणि गाडी नव्यासारखी चमकते. असे काही वेळा झाले, की बॉनेटच्या कडेला एक फिकट चट्टा दिसू लागतो. तो कोणत्याही पॉलिशने जात नाही.

याचे कारण असे, की ‘पॉलिश’ या एकाच शब्दाखाली आपण दोन उलट क्रिया करतो. रबिंगमध्ये रंगाचा थर खरवडून काढला जातो, तर मेण, म्हणजे वॅक्स, लावताना नवा थर चढवला जातो. यांपैकी काय करायचे आहे हे ठरल्याशिवाय यंत्र निवडता येत नाही.

गुळगुळीत म्हणजे किती?

प्रकाश सपाट पृष्ठभागावर पडला, की सर्व किरण एका ठरावीक दिशेने परततात आणि आपल्याला प्रतिमा दिसते. पृष्ठभाग खडबडीत असेल तर किरण चहूकडे विखुरतात. पण खडबडीत कशाला म्हणायचे? ते तरंगलांबीवर ठरते. उंचसखलपणा तरंगलांबीच्या साधारण एक-अष्टमांशापेक्षा कमी असेल, तर तो पृष्ठभाग त्या तरंगांसाठी आरसा ठरतो.

याचे भव्य उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडदजवळ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. या तबकड्या पत्र्याच्या नसून पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत आणि जाळीची भोके १ ते २ सें.मी. आहेत. ही दुर्बीण ज्या रेडिओतरंगांचा वेध घेते, त्यांतील सर्वांत आखूड तरंगही सुमारे २० सें.मी. लांबीचे असतात. त्यांच्या दृष्टीने ही जाळी अखंड आरसाच होय. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५ मायक्रॉन असते (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिचा एक-अष्टमांश ०.०६ मायक्रॉन होतो. गाडी चमकण्यासाठी पृष्ठभाग इतका सपाट हवा. इकडच्या धुळीत बेसॉल्ट खडकातील फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन यांचे कण असतात. ते रंगाहून पुष्कळ कठीण असतात. कोरड्या फडक्याखाली ते रंगावर घासले गेले, की शेकडो बारीक ओरखडे उमटतात.

उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, ती या ओरखड्यांची. ओरखडे प्रत्यक्षात सर्व दिशांना असतात. त्यांतले जे प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतील अशा बेताने आडवे आलेले असतात, तेवढेच चमकतात. म्हणून वर्तुळांचा भास होतो. काथ्याने घासलेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहा, तोच प्रकार दिसेल.

रंगाची शिल्लक

आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्मी असते. उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण हाच थर करतो. रबिंग कंपाउंडमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी कठीण, बारीक पूड असते. ती ओरखड्याच्या आजूबाजूचा भाग झिजवून त्याच्या तळाशी आणते. प्रत्येक वेळी एखाद-दोन मायक्रॉन, कधी त्याहून अधिक थर कायमचा जातो. बँकेतून पैसे काढत राहावे आणि भरणा मुळीच करू नये, तसे हे आहे.

मेणाचे काम उलटे असते. पाटी ओली केली की काळीभोर दिसते आणि वाळली की पुन्हा करडी होते. पाणी तिच्या खाचा भरून वरचा पृष्ठभाग सपाट करते, हे त्याचे कारण. मेण म्हणजे जणू लवकर न वाळणारे पाणी. ते उथळ ओरखडे भरते, पाण्याला चिकटू देत नाही आणि थर झिजवत नाही. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कारनौबा मेण यासाठी प्रसिद्ध आहे. मात्र खोल ओरखडे मेणाने जात नाहीत, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मेण पुन्हा लावावे लागते.

कोणते यंत्र?

पहिला प्रकार केवळ गरगर फिरणाऱ्या यंत्राचा. समजा, पॅडचा व्यास १५० मि.मी. आहे आणि ते मिनिटाला १८०० फेरे घेते. परीघ सुमारे ०.४७ मीटर आणि सेकंदाला फेरे ३०, म्हणून कडेचा वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० कि.मी. होतो. मध्यबिंदू मात्र जागीच असतो. घर्षणाची उष्णता एका जागी साचते आणि क्षणभर थांबले तरी रंग जळू शकतो. निष्णात कारागिराच्या हातीच हे यंत्र शोभते. घरातल्या ग्राइंडरला पॅड लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा; त्याचे फेरे मिनिटाला ११,००० च्या आसपास असतात.

दुसरा प्रकार दुहेरी गतीच्या यंत्राचा. यात पॅड केंद्रापासून किंचित बाजूला बसवलेले असते. ते लहान वर्तुळात डुलते आणि सावकाश स्वतःभोवतीही फिरते. वर्तुळाचा व्यास १५ मि.मी. आणि मिनिटाला ४००० आवर्तने धरली, तर डुलण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर येतो, आणि तो पॅडच्या प्रत्येक बिंदूला सारखाच असतो. जास्त दाबल्यास पॅडचे फिरणे थांबते, पण डुलणे चालू राहते. त्यामुळे जळण्याचा धोका बराच कमी होतो. नवशिक्याने हाच प्रकार घ्यावा. वेग कमी-जास्त करण्याची सोय, हाताला पेलेल असे वजन आणि १२५ मि.मी.च्या आसपासचे पॅड पाहावे. केवळ मेणच लावायचे असेल, तर फडके आणि हातही पुरतात.

वापरताना

गाडी भरपूर पाण्याने धुऊन सावलीत थंड होऊ द्यावी. कडांवर रंग पातळ असतो आणि दाबही तिथेच एकवटतो, म्हणून रबिंगआधी तिथे चिकटपट्टी लावावी. पॅड पृष्ठभागावर सपाट टेकवून मगच यंत्र सुरू करावे, नाहीतर पॉलिश उडते. वायर खांद्यावरून मागे घ्यावी आणि डोळ्यांवर चष्मा ठेवावा. एका वेळी दीड फूट चौरस भाग घेऊन यंत्र सावकाश सरकवावे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्यावा. जागा हाताला गरम लागली तर थांबावे. मेणासाठी वेगळे, मऊ फोमचे पॅड आणि सर्वांत कमी वेग वापरावा. थर अगदी पातळ द्यावा. तो धुरकट झाला की मऊ फडक्याने पुसावा. जाड थराने चमक वाढत नाही, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात.

वर्गात करून पाहा

१. पुठ्ठ्याच्या चकतीला मध्यभागी एक आणि कडेला एक अशी दोन भोके पाडून त्यांत पेन्सिली बसवा. खाली कागद ठेवून चकती मधल्या पेन्सिलीभोवती फिरवा. कडेची पेन्सिल मोठे वर्तुळ काढील, मधली फक्त टिंब. आता चकतीला वळू न देता ती लहान वर्तुळात हलवा. दोन्ही पेन्सिली सारखीच वर्तुळे काढतील. दोन यंत्रांमधला फरक एवढाच आहे.

२. वहीचा कागद डोळ्यांच्या पातळीत आडवा धरा आणि त्यापलीकडे दिवा ठेवा. अगदी तिरप्या दिशेने पाहिल्यावर साधा कागदही चमकतो. किरण तिरपे आले की उंचसखलपणाचा परिणाम कमी होतो. म्हणूनच पॉलिशची पारख करताना गाडी तिरपी न्याहाळू नये; समोरून, दिव्याच्या प्रतिबिंबाजवळ पाहावे.

दर रबिंगमागे थर कमी होतो, हे लक्षात ठेवले तर क्रम आपोआप ठरतो : धूळ पाण्याने काढावी, मेण वरचेवर लावावे आणि रबिंग क्वचितच करावे. चकाकी टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सकाळचे ते कोरडे फडके बाजूला ठेवून बादलीभर पाणी घेणे.