अकरा हजार अक्षरे, एकच सूत्र

राजा सेजोंग याने १४४६ साली जाहीर केलेल्या कोरियाच्या हांगुल लिपीत वर्ण एका ओळीत लिहीत नाहीत. एकेका अक्षराचे वर्ण एका चौकोनात रचतात. 'हान' या अक्षरात ह आणि आ शेजारी, तर न त्यांच्या खाली येतो.

अशी अक्षरे किती? आरंभीची व्यंजनचिन्हे १९ (त्यांतील एक मूक), स्वर २१, शेवटची व्यंजने २७. शेवटचे व्यंजन नसले तरी चालते, म्हणून तेथे पर्याय २८.

१९ × २१ × २८ = ११,१७२

दक्षिण कोरियाच्या १९८७ सालच्या प्रमाण संकेत-तक्त्यात ९४ × ९४, म्हणजे ८,८३६ घरे होती. त्यांतच चिनी लिपीतील चिन्हेही बसवायची होती. म्हणून नेहमी लागणारी २,३५० अक्षरेच घेतली. ८,८२२ बाहेर राहिली. त्यांतील एखादे अक्षर कोणाच्या नावात किंवा बोलीभाषेत आले, तर ते शुद्ध असूनही तक्त्यात त्याला घर नव्हते.

१९९६ साली युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीने सर्व अक्षरांना ४४,०३२ ते ५५,२०३ असे सलग संकेतांक दिले. त्यांचा क्रम घड्याळासारखा आहे. ६० सेकंद झाले की मिनिट पुढे सरकते. तसे येथे शेवटचे २८ पर्याय संपले की स्वर बदलतो आणि २१ स्वर संपले की आरंभीचे व्यंजन.

आता 'हान'चा संकेतांक काढू. शून्यापासून मोजता आरंभीचा ह १८वा, आ ०वा आणि शेवटचा न ४था.

४४,०३२ + (१८ × २१ + ०) × २८ + ४ = ५४,६२०

उलटही जाता येते. ५४,६२० मधून ४४,०३२ वजा करून २८ने भागू : भागाकार ३७८, बाकी ४, म्हणजे न. ३७८ला २१ने भागू : भागाकार १८, बाकी ०. ह आणि आ परत मिळाले! संगणकाला अकरा हजार अक्षरांची फोड साठवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

देवनागरीला मात्र असे कोष्टक सोयीचे नाही. 'कार्त्स्न्य' या शब्दाच्या शेवटच्या जोडाक्षरात पाच व्यंजने आहेत. किती जोडावीत याला ठरलेला साचा नाही. म्हणून युनिकोडमध्ये आपल्या सुट्या चिन्हांना संकेतांक आहेत. 'क्षि'साठी क, हलन्तचिन्ह, ष आणि इकार असे चार लागतात.

वर्गात एक पडताळा जरूर घ्यावा : सूत्रात १८, २० आणि २७ हे सर्वांत मोठे क्रमांक घातल्यास उत्तर ५५,२०३ येते का?