छळ कोणाचा, नाव कोणाचे?

एखाद्याच्या मागे हात धुऊन लागणे, तेच ते विचारून त्याला भंडावून सोडणे, याला इंग्रजीत ‘टू बॅजर’ म्हणतात. बॅजर हा ब्रिटनमध्ये सर्वत्र आढळणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, बिळात राहणारा प्राणी. त्यामुळे तोच चिवटपणे इतरांच्या मागे लागत असणार, असा कुणाचाही समज व्हावा. माझ्या मते तो त्या मुक्या जिवावर अन्याय आहे, कारण या शब्दप्रयोगात छळ सोसणारा बॅजर आहे.

बॅजर दिवसा बिळात असतो, रात्री बाहेर पडतो आणि मुख्यतः गांडुळांवर जगतो. तो आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही, पण कोंडीत सापडला की जिवाच्या आकांताने लढतो. त्याचा खालचा जबडा कवटीला इतका पक्का जोडलेला असतो की एकदा चावा घेतला की पकड सहसा सुटत नाही. हाच गुण त्याच्या मुळावर आला. त्याला पकडून पेटीत किंवा बनावट बिळात कोंडायचे, आत कुत्रा सोडायचा, कुत्र्याने त्याला ओढून बाहेर काढले की पुन्हा आत ढकलायचे आणि पुन्हा कुत्रा सोडायचा, असा हा खेळ. त्यावर पैजा लागत. ब्रिटिश पार्लमेंटने १८३५ साली कायदा करून त्यावर बंदी घातली. तरीही चोरून चालणाऱ्या छळापासून बॅजरला वाचवण्यासाठी १९९२ साली स्वतंत्र कायदा लागला.

‘टू बॅजर’ हे क्रियापद याच खेळातून आले, या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. जुन्या इंग्लंडमध्ये धान्याच्या फिरत्या व्यापाऱ्यालाही बॅजर म्हणत. त्याच्या घासाघिशीतून हे क्रियापद आले नसेल कशावरून? पण व्यापाऱ्याचे हे नाव सोळाव्या शतकातही रुळलेले होते, तर छळण्याच्या अर्थाचे क्रियापद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते, आणि तेव्हा हा खेळ जोरात होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्रजीत ‘टू हाउंड’ म्हणजे शिकारी कुत्र्यासारखे पाठलाग करणे. मग ‘टू बॅजर’ म्हणजे बॅजरसारखे वागणे का नसावे? कुत्रा खरोखरच पाठलाग करतो, म्हणून तिथे तो अर्थ जुळतो. बॅजर मात्र कुणाचाच पाठलाग करत नाही. त्याची पकड चिवट असते हे खरे, पण ती स्वतःचा जीव वाचवण्यासाठी असते.

म्हणूनच हा शब्द न्यायालयात चपखल बसतो. पिंजऱ्यात उभ्या साक्षीदाराला वकिलाने छळले की इंग्रजी जाणणारे हेच क्रियापद वापरतात, कारण साक्षीदाराला तिथून निघून जाता येत नाही. आपल्याकडच्या १८७२च्या पुरावा कायद्यातल्या कलम १५२नेही अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेले प्रश्न रोखण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली होती. घरात, शाळेत, कचेरीतही हीच कसोटी लावावी. समोरच्याला ‘नाही’ म्हणून बाजूला होता येत असेल, तर तो आग्रह. त्याची वाटच बंद केलेली असेल, तर कितीही गोड शब्दांत विचारले तरी तो छळच.