दोन शास्त्रांच्या उंबरठ्यावर

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न चर्चिला जातो : गणित घ्यावे की जीवशास्त्र? डॉक्टर व्हावयाचे असेल तर जीवशास्त्र, इंजिनियर व्हावयाचे असेल तर गणित, अशी वाटणी आपण इतक्या सहजतेने करतो की, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे एक दार आपण बंद करीत आहोत, याची जाणीवही राहत नाही. ज्या दोन शास्त्रांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत, ती या दोन दारांच्या मधोमध उभी आहेत.

‘सिस्टिम्स बायॉलॉजी’ आणि ‘सिंथेटिक बायॉलॉजी’ ही त्यांची नावे. पेशीतील असंख्य घटक परस्परांवर कसे नियंत्रण ठेवतात, हे गणिताच्या साहाय्याने समजून घेणे हे पहिल्याचे काम. आणि तसे नियंत्रण स्वतः आखून जिवंत पेशीत बसवून पाहणे हे दुसऱ्याचे.

या मैत्रीचे बीज जुने आहे. विषाणूंच्या हल्ल्यातून काही थोडे जिवाणू बचावतात. ही प्रतिकारशक्ती विषाणूशी गाठ पडल्यावर येते, की योगायोगाने काहींच्या अंगी आधीच असते? १९४३ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात साल्व्हादोर लुरिया हे वैद्यकशास्त्राचे पदवीधर या प्रश्नाने बेचैन होते. एका नृत्यसमारंभात त्यांनी आपल्या सहकाऱ्याला पैसे टाकून खेळावयाच्या जुगारयंत्रापाशी पाहिले. बहुतेक वेळा हाती काही नाही. क्वचित एकदम घबाड! लुरियांना युक्ती सुचली. जिवाणू अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवावे. शक्ती विषाणूमुळे येत असेल, तर प्रत्येक नळीत बचावलेल्यांची संख्या जवळपास सारखी येईल. ती आधीच येत असेल, तर बऱ्याच नळ्यांत जवळजवळ कोणी नाही आणि एखादीत मात्र घबाड, असे दिसेल. प्रयोगात दिसले ते घबाडच! त्यामागील गणित मांडले ते माक्स डेल्ब्रुक या मूळच्या पदार्थवैज्ञानिकाने. १९६९ च्या नोबेल पारितोषिकाचे हे दोघेही मानकरी ठरले.

डेल्ब्रुक यांनी १९४५ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे एक वर्ग सुरू केला. अणुविज्ञानात कीर्ती मिळविलेले लिओ झिलार्ड वयाच्या ४९ व्या वर्षी, १९४७ साली, या वर्गात विद्यार्थी म्हणून बसले. नवे शिकण्यात कमीपणा कसला!

पुढे २००० साली प्रिन्स्टन येथे मायकेल एलोविट्झ या पदार्थविज्ञानाच्या तरुण अभ्यासकाने स्टानिस्लास लायब्लर यांच्यासह जिवाणूत तीन जनुकांचे एक कडे बसविले. पहिले दुसऱ्याला गप्प बसविते, दुसरे तिसऱ्याला आणि तिसरे पुन्हा पहिल्याला. आधी समीकरणे मांडली, मग जनुके जुळविली; आणि जिवाणू ठरावीक काळाने हिरवा उजळू व मंदावू लागला. मात्र सर्व पेशींची घड्याळे सारखी चालेनात. सजीवातील हा बेभरवसा हाच पुढे अभ्यासाचा मोठा विषय झाला.

असे संशोधक घडवायचे कसे? २००३ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याच वर्षी एम.आय.टी.मध्ये विद्यार्थ्यांनी पेशींची रचना आखण्याचा एक छोटा वर्ग भरला आणि त्यातूनच पुढे ‘आयजेम’ ही जागतिक स्पर्धा उभी राहिली. अशा पीएच.डी. अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षी विद्यार्थी काही आठवडे एका प्रयोगशाळेत, काही दुसरीत काढतो. गणिताचा विद्यार्थी जिवाणू वाढविण्यास शिकतो, आणि रात्रभराचा प्रयोग सकाळी फसलेला पाहून नम्रही होतो. जीवशास्त्राचा विद्यार्थी समीकरणांशी झटतो. सजीवांत फेरबदल करण्याची जबाबदारी किती मोठी, याचा विचारही त्याला शिकावा लागतो.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे तर होणार नाही ना, अशी शंका कोणी घेईल. ती अगदीच निराधार नाही. एका विषयात पाय घट्ट रोवल्यावाचून दुसऱ्यात हात घालणे व्यर्थच. पण ही गोष्ट आपल्यासारख्यांना निराळी समजावून सांगावयास नको. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, गुजराती वा कानडी बोलत आपल्या पिढ्या वाढल्या. दुसरी भाषा आली म्हणून पहिली गेली नाही. ज्यांनी पहिली जपली त्यांनाच दुसरीही नीट साधली.

आपल्या देशातही हे दार उघडे आहे. २००६ साली पुणे व कोलकाता येथे आणि २००८ साली भोपाळ येथे निघालेल्या ‘आयसर’ संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या चारही विषयांवर प्रश्न असतात.

म्हणून पुढील निकालाच्या वेळी ‘गणित की जीवशास्त्र’ असे मुलांना विचारण्यापूर्वी, ‘दोन्ही का नकोत?’ असेही एकदा विचारून पाहावे, एवढीच आमची पालकांना विनंती आहे.